घोट्यामागील मज्जातंतू : दख्खनच्या वैद्यकेतिहासातील एक प्रकरण

पायाच्या आतल्या अंगास, घोट्याचे हाड आणि टाच यांच्यामधील खोलगट जागेत, बोटाचे टोक ठेवून हलके दाबले असता नाडीचे ठोके लागतात. आणि त्या ठोक्यांच्या किंचित मागे, कातडीखाली फारसा खोल नाही असा, पोटरीतून उतरून तळपायाकडे जाणारा एक मज्जातंतू असतो. जवळजवळ अवघ्या तळव्याची संवेदना याच्याच स्वाधीन आहे. काटा रुतल्याचे, खडा टोचल्याचे, तापलेल्या फुफाट्याचे वा ओल्या चिखलाचे ज्ञान मेंदूस पोहोचते ते याच वाटेने. ही वाट बंद पडली तरी मनुष्य चालतो, शेतात राबतो, बाजार करून येतो. परंतु आपल्या पायाखाली काय घडत आहे याची वार्ता त्यास लागत नाही. पायातील चप्पल वाटेत गळून पडते आणि मागून येणाऱ्याने हाक मारून सांगेपर्यंत ती पडल्याचे त्यास समजत नाही. खिळा पायात घुसतो आणि संध्याकाळी पाय धुताना रक्त दिसते तेव्हा कुठे तो घुसल्याचा उलगडा होतो.

हा मज्जातंतू जिवंत माणसाच्या पायात, कातडी न उघडता, पाहता यावा अशी वैद्यांची इच्छा फार जुनी आहे, आणि ती सफळ होण्यास शतकाहून अधिक काळ लागला. या दीर्घ प्रयत्नाची हकीकत सामान्यतः युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांची हकीकत म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. परंतु तिचे काही महत्त्वाचे अध्याय मुंबईत, साताऱ्यात, निजामाच्या संस्थानात आणि त्याच संस्थानाचा एक सुभा असलेल्या औरंगाबादच्या परिसरात लिहिले गेले आहेत, याची आठवण आपल्याकडे क्वचितच ठेवली जाते. मराठवाड्यातील वाचकास तर ती ठेवण्याचे विशेष कारण आहे. कारण संवेदना हरपलेला पाय ही या मुलखाची जुनी व्यथा आहे आणि आज ती नव्या रोगाच्या रूपाने पुन्हा दाराशी उभी आहे.

१८५८ साली लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचा शारीरशास्त्रावरील जगद्विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील आकृत्या ज्याने स्वहस्ते काढल्या तो तरुण वैद्य, हेन्री व्हॅन्डाइक कार्टर, ग्रंथ बाजारात येण्यापूर्वीच मुंबईस येऊन सरकारी वैद्यकीय सेवेत रुजू झाला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शारीरशास्त्र शिकवू लागला आणि पुढे काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून त्याने काम केले. मानवी देहातील सूक्ष्मातिसूक्ष्म तंतू पाहण्याची व रेखाटण्याची सवय जडलेल्या या माणसाच्या दृष्टीस मुंबईत जो रोग पडला तो कुष्ठरोग होय. या रोगाने मेलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात हातापायांच्या मज्जातंतूंकडे त्याने बारकाईने लक्ष पुरविले आणि हे तंतू ठिकठिकाणी, विशेषतः सांध्यांच्या आसपास जेथे ते कातडीच्या जवळून जातात तेथे, फुगलेले व जाड झालेले असतात असे त्याने १८६०च्या दशकाच्या आरंभी नमूद केले. पुढे नॉर्वेस जाऊन तेथील संशोधकांचे काम त्याने प्रत्यक्ष पाहिले आणि १८७४ मध्ये कुष्ठरोग व हत्तीरोग यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या नॉर्वेत हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचे जंतू शोधून काढले तेथील वार्ता हिंदुस्थानात आणणाऱ्यांपैकी कार्टर हा एक अग्रणी होता.

कार्टरच्या या कामाचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. कुष्ठरोग हा कातडीचा, रक्ताचा, किंबहुना पूर्वजन्मीच्या पापाचा रोग, अशी समजूत त्या काळी सार्वत्रिक होती. कार्टरच्या सुरीने आणि लेखणीने हे दाखवून दिले की रोग्याच्या पायातील बधिरपणास एक प्रत्यक्ष, डोळ्यांनी पाहता येण्याजोगे कारण आहे व ते मज्जातंतूत आहे. आजचे शास्त्र त्याही पुढे जाऊन सांगते की कुष्ठाचे जंतू शरीराच्या थंड भागात वाढतात, म्हणून घोट्यामागील, गुडघ्याखालच्या बाहेरील बाजूचा, कोपरामागील असे कातडीलगतचे मज्जातंतूच त्यांच्या तावडीत आधी सापडतात. परंतु कार्टरचे दर्शन मृतदेहातील दर्शन होते. ज्याचा पाय अजून वाचविता येईल अशा जिवंत रोग्याच्या बाबतीत वैद्यापाशी एकच साधन होते, ते म्हणजे स्वतःचे बोट.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नीच्या हाताच्या हाडांचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले. देहाच्या आत डोकावण्याची खिडकी उघडली गेली. परंतु मज्जातंतूच्या बाबतीत या खिडकीतून काहीच दिसेना. क्ष-किरण हाडांत अडतात, पण मांस, स्नायू आणि मज्जातंतू यांतून जवळजवळ सारखेच पार होतात. त्यामुळे चित्रावर हाड उठून दिसते आणि त्याच्या शेजारून जाणारा तंतू सभोवारच्या छायेत विरून जातो. कुष्ठरोग्याच्या पायाचे क्ष-किरण चित्र काढले असता दिसत असे ते मज्जातंतू मेल्यानंतरचे पर्यवसान : चवड्याची हाडे टोकाकडे झिजत झिजत निमुळती झालेली, बोटांची पेरी आखूड झालेली, घोट्यापुढील लहान हाडांची रचना कोसळलेली. रोगाने घर उद्ध्वस्त केल्यावर पंचनामा करण्यास हे चित्र उपयोगी होते. घर वाचविण्यास नव्हे.

इकडे दख्खनमध्ये, एकोणिसावे शतक संपता संपता, हैदराबादेहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत जाणारा निजाम सरकारचा लोहमार्ग तयार झाला. निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावे एका सूत्रात गोवली गेली आणि सुभ्याचा कारभार व व्यापारउदीम यांबरोबर आजारी माणसाच्या प्रवासासही एक नवी वाट मिळाली. याच मार्गावर, निजामाबादेजवळ, डिचपल्ली हे लहानसे स्थानक आहे. येथे डॉ. इझाबेल केर या स्कॉटिश मिशनरी स्त्रीने आणि तिच्या पतीने १९१५ साली कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले, आणि कालांतराने ते निजामाच्या मुलखातील या रोगाच्या उपचाराचे प्रमुख स्थान झाले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९८च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यांस धरून आश्रमांत कोंडण्याची तजवीज केली होती; त्या काळात, रोग्यास कोंडण्याऐवजी औषध देऊन बरे करण्याचा प्रयत्न करणारी संस्था म्हणून डिचपल्लीचे महत्त्व मोठे होते. औषध होते ते चौलमुग्रा जातीच्या बियांचे तेल. ते टोचताना रोग्यास होणाऱ्या यातना भयंकर असत आणि गुण अनिश्चित असे. तरीही माणसे आशेने येत राहिली.

अशा ठिकाणी रोगनिदानाचा जो शिरस्ता पडला तो पुढील कित्येक दशके साऱ्या हिंदुस्थानात टिकला. अंगावरील चट्ट्यावर पिसाने वा कापसाने स्पर्श करून तो कळतो की नाही हे पाहावयाचे, टाचणीच्या अणकुचीने वेदना अजमावयाची, आणि मग कोपरामागे, गुडघ्याखाली, घोट्यामागे बोटे फिरवून मज्जातंतू चाचपावयाचे : दोन्ही बाजूंची तुलना करून जाडी पाहावयाची, दाबले असता रोगी कळवळतो काय हे त्याच्या चेहऱ्यावरून ताडावयाचे. हे कसब पुस्तकातून येत नाही. शेकडो निरोगी पाय चाचपल्याखेरीज रोगट पायातील फरक बोटास कळत नाही. आणि घोट्यामागील मज्जातंतू तर कंडरा, शिरा व जाड पट्ट्याखाली असा दडलेला असतो की मुरलेल्या हातासही तो चकवितो. तेव्हा ज्या तंतूवर तळव्याची सारी भिस्त तोच चाचपण्यास अवघड, ही अडचण या विद्येच्या मुळाशीच होती.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यास ही विद्या संपादन करणे त्या काळी सोपे नव्हते. संस्थानभर वैद्यकाचे उच्च शिक्षण हैदराबाद शहरातच मिळे, आणि उस्मानिया विद्यापीठात ते उर्दूतून दिले जात असे. औरंगाबादच्या वा बीडच्या मराठी मुलास मानवी देहातील तंतुजालाची नावे अरबी-फारसी परिभाषेत घोकावी लागत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि आठ वर्षांनी, १९५६ मध्ये, औरंगाबाद येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. या महाविद्यालयाच्या रुग्णालयास लोक आजही ‘घाटी’ म्हणतात. पैठण, कन्नड, सिल्लोडपासून जालना-बीडपर्यंतच्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या गोरगरिबांना मोठ्या दवाखान्याचा अर्थ म्हणजे घाटी. अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालय निघेपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत, साऱ्या मराठवाड्यात वैद्यकाचे शिक्षण देणारे हे एकमेव सरकारी महाविद्यालय होते. यावरून त्याच्यावरील भाराची कल्पना यावी.

याच काळात कुष्ठरोगाकडे पाहण्याची दृष्टी पार बदलली. डॅप्सोन हे गुणकारी औषध हाती आले. अमरावतीस तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी रोग्यास माणूस म्हणून उभे करण्याचे कार्य आरंभिले. वर्ध्यास १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाच्या द्वारे डॉ. वर्देकर यांनी गावोगाव फिरून रोगी हुडकणे, लोकांस शिक्षण देणे आणि घराजवळ औषध पुरविणे अशी पद्धतशीर योजना आखली. मुंबईत डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरोग्यांच्या विकृत हातापायांवर शस्त्रक्रिया करण्यास प्रारंभ केला व पुढे मज्जातंतूवरील मूलगामी संशोधनासही चालना दिली. आणि दक्षिणेस वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी एका प्रश्नाचा असा छडा लावला की त्याने बधिर पायाविषयीचे सारे विचार पालटले.

कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने सडून झडतात, ही समजूत डॉक्टरांतही रूढ होती. ब्रँड यांनी एकेका जखमेचा माग काढला. कोणी तापलेले भांडे उचललेले, कोणाच्या चपलेत खिळा निघालेला, कोणी झोपेत असता रात्री उंदराने बोट कुरतडलेले. मांस रोगाने आपोआप झडत नाही. वेदना नसल्यामुळे मनुष्य त्याचा आपल्या हाताने नाश करून घेतो, हे त्यांनी सिद्ध केले. तळव्यावरची जखम भरत नाही याचे कारणही तेच : आपण काटा टोचलेला पाय उचलून लंगडतो, बधिर पायाचा मनुष्य त्याच जखमेवर शरीराचा भार टाकून दिवसभर चालतो. या विचारातूनच मऊ रबराच्या तळव्याची ती पादत्राणे निघाली, जी आज ‘एमसीआर चप्पल’ म्हणून आरोग्य खात्याकडून कुष्ठरुग्णांना दिली जातात.

ब्रँड यांच्या चरित्रातील एक रात्र येथे सांगण्याजोगी आहे. १९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेहून परतताना, इंग्लंडात दीर्घ आगगाडी-प्रवासानंतर निजण्याची तयारी करीत असता त्यांनी पायमोजा काढला आणि टाचेस स्पर्श कळत नाही असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी टाचणी घेऊन घोट्याखाली टोचली. वेदना नाही. अधिक खोल टोचली. रक्ताचा थेंब आला, पण वेदना आली नाही. ज्यांनी हजारो कुष्ठरोग्यांचे पाय तपासले होते त्यांना त्या क्षणी आपलेच निदान कळून चुकले असे वाटले. घरी परतावे की न परतावे, पत्नीस व मुलांस कसे सांगावे, या विवंचनेत सारी रात्र गेली. पहाटे धीर करून त्यांनी पुन्हा टाचणी टोचली आणि वेदनेने ते ओरडले. प्रवासात एकाच आसनात बसून पायाचा मज्जातंतू चेपला गेला होता, इतकेच. पुढे आयुष्यभर त्यांनी वेदनेस ईश्वराची देणगी मानले. या प्रसंगाचा दुसरा अर्थही आपण लक्षात घ्यावा. मज्जातंतू चेपल्याने आलेला तात्पुरता बधिरपणा आणि रोगाने आलेला कायमचा बधिरपणा, यांतील भेद या विषयातील जगद्विख्यात तज्ज्ञासही स्वतःच्या पायाच्या बाबतीत त्या रात्री करता आला नाही. कारण तो तंतू पाहण्याचे कोणतेही साधन तेव्हा अस्तित्वात नव्हते.

असे असले तरी ब्रँड आणि त्यांचे सहकारी हॅरिस यांनी क्ष-किरणांनाच एक नवे काम लाविले. बधिर पायातील घोट्यापुढची हाडे कोणकोणत्या क्रमाने ढासळतात याच्या निरनिराळ्या तऱ्हा त्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि पाय नुसता गरम व सुजलेला दिसत असतानाच हाडातील पहिली बारीक चीर हुडकून पायास प्लास्टर घातले तर पाऊल वाचते, हे दाखवून दिले. शार्को या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात मज्जासंस्थेच्या रोगात सांधे कसे कोसळतात याचे वर्णन केले होते. त्याच ज्ञानास येथे पाय वाचविण्याच्या कामी जुंपले गेले. पंचनाम्याचे साधन इशाऱ्याचे साधन झाले. पाश्चात्त्य देशांतही तोपर्यंत पायाच्या मज्जातंतूंचे अन्य विकार नेमके ओळखले जाऊ लागले होते : चवड्यातील बोटांच्या बेचक्यात तंतू जाड होऊन होणारी वेदना मॉर्टन यांनी १८७६ मध्येच वर्णिली होती, तर घोट्यामागील पट्ट्याखाली मज्जातंतू आवळला जाण्याचा विकार कीक आणि लॅम या दोघांनी १९६२ मध्ये स्वतंत्रपणे नोंदविला. परंतु या सर्वांत निदान होत असे ते लक्षणांवरून. तंतू दिसे तो शस्त्रक्रियेच्या मेजावरच.

मज्जातंतू कातडी न उघडता दिसू लागला तो ध्वनीच्या साहाय्याने. मानवी कानास ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनाच्या ध्वनिलहरी देहात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र उभे करण्याची विद्या, जिला आता खेड्यापाड्यातील मनुष्यही सोनोग्राफी म्हणतो, ती आरंभी गर्भ व पोटातील अवयव पाहण्यापुरती होती. लहरींचे कंपन वाढविले की त्या खोलवर जात नाहीत, परंतु कातडीलगतचे बारकावे अधिक स्पष्ट दाखवितात. आणि पायाचा मज्जातंतू तर कातडीलगतच असतो. १९८८ मध्ये फोर्नाज यांनी हातापायांचे मज्जातंतू या पद्धतीने पाहता येतात असे दाखविले, १९८९ मध्ये मॉर्टन यांनी वर्णिलेल्या चवड्यातील गाठीची सोनोग्राफी प्रसिद्ध झाली, आणि १९९०च्या दशकात इटलीतील जेनोवा येथील संशोधकांनी चित्रातील ठिपके व रेषा या मज्जातंतूच्या प्रत्यक्ष घडणीशी जुळतात हे सूक्ष्मदर्शकाच्या साक्षीने सिद्ध केले. त्याच दशकाच्या आरंभी चुंबकीय अनुनादाच्या यंत्राने, म्हणजे एमआरआयने, सभोवारच्या मांसातून मज्जातंतू वेगळा उठवून दाखविण्याची युक्तीही साधली.

आज शहरातील क्ष-किरण तज्ज्ञ हे चित्र कसे पाहतो ते सांगणे अगत्याचे आहे. रोग्यास उताणे निजवून, गुडघा किंचित बाहेर वळवून, घोट्याच्या आतल्या बाजूस थंडगार जेली लावतात आणि त्यावर यंत्राचे चपटे टोक आडवे टेकवितात. पडद्यावर प्रथम एक काळे वर्तुळ ठोक्याठोक्याला फुगते व आकसते, ती धमनी. तिला लागून पांढऱ्या कडेचा, आत लहान लहान काळी छिद्रे असलेला एक गोल दिसतो, हुबेहूब मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखा. तोच मज्जातंतू, आणि ती छिद्रे म्हणजे त्यातील तंतूंचे जुडगे. निरोगी पायात या गोलाचे क्षेत्रफळ अवघे काही चौरस मिलिमीटर असते. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या मज्जातंतूत हा गोल फुगतो, छिद्रांची रचना पुसली जाते आणि सारा तंतू एकजात काळपट दिसू लागतो. आता यंत्राची रक्तप्रवाह दाखविणारी कळ दाबली असता, निरोगी मज्जातंतूत सहसा न दिसणारे लाल-निळे रंग जर त्या गोलाच्या आत लुकलुकू लागले, तर मज्जातंतूत या घटकेस दाह चालू आहे, आणि विलंब झाल्यास तो कायमचा निकामी होण्याचा धोका आहे, असे समजावे. जे बोटास केवळ जाडी म्हणून कळत होते ते येथे आकाराने, घडणीने आणि रक्तप्रवाहाने मोजता येते.

कुष्ठरोगातील या विद्येचा एक महत्त्वाचा अध्याय पुन्हा हैदराबादेतच लिहिला गेला, हा योगायोग मराठवाड्यातील वाचकास भावल्याशिवाय राहणार नाही. तेथील लेप्रा सोसायटीच्या ब्लू पीटर संशोधन केंद्रात डॉ. सुमन जैन, डॉ. इंदिरा नाथ आणि त्यांचे सहकारी यांनी, लिओ व्हिसर या डच मज्जातज्ज्ञांच्या सहकार्याने, वीस कुष्ठरुग्ण व तीस निरोगी व्यक्ती यांच्या हातापायांचे मज्जातंतू सोनोग्राफीने तपासून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या मज्जातंतूंत घोट्यामागील तंतूही होता. रुग्णांचे तंतू निःसंशय जाड होते आणि दाहाचा झटका आलेल्यांच्या तंतूंत वाढलेला रक्तप्रवाह रंगांनी दिसत होता. कार्टरने मृतदेहात जे सुरीने उघडून पाहिले, डिचपल्लीसारख्या रुग्णालयांत जे बोटाने चाचपले गेले, तेच जिवंत माणसाच्या पायात, एक थेंब रक्त न सांडता, त्याच रोगाच्या संदर्भात, त्याच दख्खनच्या भूमीवर आकड्यांत मांडले गेले.

याचा अर्थ आता सर्व काही सिद्ध झाले असा मात्र नव्हे, आणि येथूनच या इतिहासाचा आजचा, अधिक चिंताजनक भाग सुरू होतो. १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, वर्धा जिल्ह्यात त्याचा आरंभीचा प्रयोग झाला, आणि २००५च्या अखेरीस दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण या कसोटीवर देशपातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. ही सिद्धी थोर होती. परंतु त्याबरोबरच कुष्ठरोगाचे स्वतंत्र खाते सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाले, आणि वर्षानुवर्षे केवळ मज्जातंतू चाचपण्यात मुरलेले कर्मचारी एकामागून एक सेवानिवृत्त होत गेले. देशात आजही वर्षास सुमारे लाखभर नवे कुष्ठरुग्ण आढळतात व त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. शहरात यंत्रे आली आणि त्याच काळात खेड्यातील जाणती बोटे कमी झाली, हा विपर्यास आपण डोळे उघडे ठेवून पाहिला पाहिजे.

यंत्र खेड्यात न्यावे म्हटले तर त्यासही मर्यादा आहेत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. पुढे १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, आणि कालांतराने सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र, मग ते कशासाठीही वापरावयाचे असो, सरकारदरबारी नोंदविणे व ठरलेल्या जागी ठेवणे बंधनकारक झाले. हातात मावणारे यंत्र घेऊन गावोगाव हिंडणे त्यामुळे सुकर नाही. २०११च्या जनगणनेत ज्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली आढळल्या, त्याच्या शेजारी राहणाऱ्या आपणांस या निर्बंधाची आवश्यकता कोणी पटवून देण्याची गरज नाही. तो योग्यच आहे. तेव्हा यंत्र रोग्याकडे जाणार नसेल तर रोग्यास वेळेवर यंत्राकडे पाठविणारा कोणी गावात असला पाहिजे, हाच त्यातून निघणारा धडा होय.

आणि आता या जुन्या व्यथेस एक नवा धनी मिळाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार २०२१ मध्ये देशात १० कोटी १० लाख मधुमेही होते. मधुमेहातही तळव्याची संवेदना हळूहळू जाते, जखम कळत नाही, घोट्यापुढची हाडे तशीच ढासळतात आणि अखेर पाय कापण्याची पाळी येते. कुष्ठरोगाने शिकविलेली विद्या येथे कामास आली आहे : तळव्यावर टेकवून दहा ग्रॅमच्या दाबाने वाकणारा नायलॉनचा धागा, ज्याने आज जगभर मधुमेह्यांचे पाय तपासतात, त्याची कसोटी अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात ठरली. ब्रँड यांनीही आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात तेथेच काम केले. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मधुमेहातील सर्वसाधारण बधिरपणा ओळखण्यास सोनोग्राफी वा एमआरआय लागत नाही. तो धागा पुरतो. चित्राची गरज पडते ती जेव्हा एकाच पायास बधिरपणा असतो, घोट्यामागे दाबले असता कळ तळव्यात उतरते, एखादी गाठ वा तंतूची जाडी हातास लागते, सुजलेल्या गरम पायातील विकार हाडाच्या पूतीचा की ढासळण्याचा हे ठरवावयाचे असते, किंवा औषधाने दाह ओसरला की नाही हे पाहावयाचे असते. विनाकारण काढलेले चित्र गरिबाच्या खिशास चाट लावते आणि निदानात काहीच भर घालीत नाही.

माझे मत असे की या दीड शतकाच्या वाटचालीचा खरा बोध यंत्राच्या सूक्ष्मतेत शोधू नये. तो वेळेच्या हिशेबात शोधावा. कार्टरला मज्जातंतू दिसला तो रोगी मेल्यावर. क्ष-किरणांनी पर्यवसान दाखविले ते तंतू मेल्यावर. सोनोग्राफीने प्रथमच तंतू जिवंत असताना, वाचविता येईल अशा अवस्थेत दाखविला. परंतु जो रोगी तळव्यास भोक पडल्यावरच घाटीत येतो त्याच्यासाठी हा शोध न लागल्यासारखाच आहे. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांस सोनोग्राफीचे चित्र वाचण्यास शिकविण्याबरोबरच घोट्यामागे बोट ठेवण्यास शिकवावे. आरोग्य खात्याने कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत घरोघर जाणाऱ्या आशा ताईंच्या हाती नायलॉनचा तो स्वस्त धागा द्यावा आणि मधुमेह्यांचे पाय तपासण्याचे कामही त्याच फेरीत उरकावे. आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात आठवड्यातून निदान एक दिवस मज्जातंतूंच्या सोनोग्राफीसाठी मुक्रर करावा.

वाचकांस एवढेच सांगणे आहे. घरात कोणाच्या पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही, पाऊल टाकताना पुढचा पाय खाली लोंबतो, तळव्यावरची जखम दुखत नाही म्हणून दुर्लक्षिली गेली आहे, किंवा अंगावर स्पर्श न कळणारा चट्टा आहे, असे आढळल्यास त्या माणसास त्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, आणि मज्जातंतूस इजा होऊन सहा महिने उलटण्यापूर्वी उपचार सुरू झाले तर हरपलेली संवेदना बहुधा परत मिळविता येते. त्यानंतर तशी आशा फारशी उरत नाही.